मदत हवी आहे: दही-मेयोनीजशिवाय सॅलडचं दाटसर ड्रेसिंग

मंडळी, काकडी-कोबीच्या सॅलडसाठी मलईदार ड्रेसिंग हवंय. घरात दूध-दही चालत नाही, मेयोनीज नको, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी.

आधी नारळाचं जाड दूध, आगळ (कोकमाचा घट्ट रस), आलं-मिरची घालून केलं. चव फक्कड, सोलकढीची थोरली बहीणच! पण फ्रिजमध्ये वर तेलाचा थर थिजतो, खाली पाणी. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठणारच म्हणा.

मग 50 ग्रॅम काजूकणी 4 तास भिजवून लिंबू, लसूण, मोहरीसोबत वाटली. ही फुटत नाही, पण दुसऱ्या दिवशी चटणीइतकी घट्ट. पाणी घातलं की पचपचीत.

मिक्सर साधाच आहे, वरून तेल घालायचं नाही, दोन दिवस टिकलं तरी पुरे. काजूत उकडलेला दुधी वाटून घातला तर ओतण्याजोगं राहील का? आणि आगळ वाटतानाच घालायचं की वाढताना?