नवा कोच, जुनी पोरं: किती दिवस थांबायचं?

अण्णा आर्बरकर:
सप्टेंबर उजाडला की आमच्या शनिवारच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी तोच तमाशा. कुठल्या तरी विद्यापीठाने नवा कोच आणलेला असतो, टीम दोन मॅच हरते आणि तिसऱ्या शनिवारी "हाकला याला" सुरू. माझं म्हणणं एवढंच की जरा दम धरा. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये कोच बदलला की खेळायची अख्खी पद्धत बदलते आणि ती पोरांच्या अंगात मुरायला दोन सीझन लागतात. लोणचं घातलं त्याच संध्याकाळी बरणी उघडून "अजून मुरलं नाही" म्हणण्यात काय अर्थ आहे?

२००८ साली मी मिशिगनला मास्टर्स करत होतो. रिच रॉड्रिगेझ वेस्ट व्हर्जिनियाहून आले, येताना स्प्रेड ऑप्शन घेऊन आले. मैदानभर माणसं पसरायची आणि क्वार्टरबॅकने (प्रत्येक डाव चालवणारा गडी) समोरच्या डिफेन्समधल्या, म्हणजे अडवणाऱ्या बाजूच्या, एका गड्याकडे बघून क्षणात ठरवायचं, बॉल द्यायचा की स्वतः पळायचं. आमच्याकडे होता रायन मॅलेट, साडेसहा फूट उंच, एका जागी उभं राहून तोफ डागणारा. त्याने ओळखलं आणि आर्कान्साची वाट धरली. हेनी, हार्ट, जेक लाँग हे आमचे मोठे खेळाडू आधीच एनएफएलला, म्हणजे व्यावसायिक लीगला, गेलेले. उरल्या पोरांकडून काय होणार? ३-९. म्हणजे तीन जिंकल्या, नऊ हरल्या. सलग ३३ वर्षं बाउल गेम (सीझनअखेरचा मानाचा सामना) खेळणारी टीम घरी बसली.

ऑक्टोबरात टोलेडोने आम्हाला आमच्याच मैदानावर १३-१० हरवलं. बरोबरीसाठी मारलेली शेवटची किक हुकली. माझ्या पुढच्या ओळीत एक आजोबा रेडिओ कानाला लावून बसले होते. त्यांनी इअरफोन काढले, वायर बोटाभोवती नीट गुंडाळून खिशात ठेवली आणि एक शब्द न बोलता उठले.

आणि तीच पद्धत २०१० साली? डेनार्ड रॉबिन्सन, क्वार्टरबॅक असून पळून १,७०२ यार्ड. पद्धतीत खोट नव्हती, माणसं आणि वेळ कमी पडली.

अटलांटावाली:
अण्णा, तुमचं दुःख कळतं, पण एका वाईट अनुभवावरून नियम काढू नका. तुम्ही ज्या वर्षी टोलेडोकडून हरत होतात, त्याच वर्षी आमच्या जॉर्जिया टेकला पॉल जॉन्सन आले. नेव्हीहून. त्यांची ट्रिपल ऑप्शन (बॉल घेऊन पळायचे तीन पर्याय, पास फार कमी) तुमच्या स्प्रेडपेक्षा कितीतरी विचित्र. मोठ्या कॉन्फरन्समध्ये (विद्यापीठांच्या गटांत) ती जवळपास कोणी खेळतच नव्हतं. आधीचे कोच चॅन गेइली एनएफएलच्या वळणाचा खेळ खेळवायचे आणि पोरंही त्यांनीच निवडलेली. पहिल्याच वर्षी ९-४. जॉर्जिया विद्यापीठाला त्यांच्या घरी जाऊन ४५-४२ हरवलं, तेही सात वर्षं सलग मार खाल्ल्यावर!

शिकवणारा पक्का असला तर पोरं पटकन शिकतात. १९-२० वर्षांची पोरं आहेत हो, पन्नाशीतले हेडक्लार्क नाहीत.

पिवळा झेंडा:
ताईंशी १०० टक्के सहमत. "पोरं माझी नाहीत" हे कोच लोकांचं सगळ्यात सोयीचं वाक्य. पगार पहिल्या महिन्यापासून पूर्ण, निकाल मात्र तिसऱ्या वर्षी.

२६ सप्टेंबर २०२० आठवा. माइक लीच मिसिसिपी स्टेटला नवे. कोविडमुळे स्प्रिंग प्रॅक्टिस झालीच नव्हती, म्हणजे शिकवायला ना मैदान ना वेळ. पहिली मॅच कोणाशी, तर आदल्या वर्षीच्या राष्ट्रीय विजेत्या एलएसयूशी (लुइझियाना स्टेट), त्यांच्याच मैदानावर. एअर रेड ही पद्धत म्हणजे जवळपास प्रत्येक वेळी पास. आणि क्वार्टरबॅक के. जे. कॉस्टेलो त्याच वर्षी स्टॅनफर्डहून आलेला. ६२३ यार्ड फेकले, एसईसीचा, म्हणजे त्यांच्या कॉन्फरन्सचा, विक्रम. ४४-३४ जिंकले. आता सांगा, दोन सीझन कशाला हवेत?

अण्णा आर्बरकर:
झेंडेसाहेब, पुढचा शनिवार का नाही सांगितलात? आर्कान्साने त्याच टीमला २१-१४ हरवलं, आणि त्याआधी आर्कान्साने सलग २० कॉन्फरन्स मॅच गमावल्या होत्या. मग केंटकीकडून हार, २४-२, सहा इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास). ते दोन पॉइंटही सेफ्टीचे (समोरची टीम स्वतःच्याच गोलक्षेत्रात अडकल्याने मिळालेले), ऑफेन्सची, म्हणजे हल्ला करणाऱ्या बाजूची, कमाई शून्य. सीझन संपला ४-७ वर.

झालं असं की आर्कान्साने तीनच गडी पुढे सोडले आणि आठ मागे पसरले. पास टाकायला जागाच ठेवली नाही. एअर रेडमध्ये याला उत्तर आहे, क्वार्टरबॅकने धीर धरून छोटे पास टाकत राहायचं. पण तो धीर एका महिन्यात येत नाही. वरवरचं चार आठवड्यांत जमतं हो. समोरच्याने वाट अडवल्यावर काय करायचं, त्याला वर्षं जातात. लीचचीच टीम २०२१ ला ७-६ आणि २०२२ ला ९-४ झाली. माझा हिशेब बरोबर बसतो.

आणि त्या पहिल्या मॅचमध्ये पलीकडेही नवी पद्धत होतीच की. एलएसयूच्या डिफेन्सचे कोच डेव्ह अरांडा बेलरला गेले होते आणि बो पेलिनी नवा डिफेन्स घेऊन आले होते. स्प्रिंग त्यांचीही बुडाली. ६२३ यार्ड दिले ते नवं शिकणाऱ्या पोरांनीच ना?

पिवळा झेंडा:
ते पेलिनी एका वर्षात घरी गेले. तुमच्या नियमाने त्यांना अजून एक सीझन द्यायचा होता वाटतं.

नवशिक्या:
मध्येच बोलतो, रागावू नका. कबड्डीत नवा कोच आला आणि साखळी सोडून एकेकट्याने पकड करायला सांगितली, तर आठवड्याभरात जमतं. इथे इतकं काय अवघड आहे?

पिवळा झेंडा:
कबड्डी आणू नका मध्ये, धागा भरकटेल. तिथे सात, इथे अकरा, आणि मैदानाबाहेर सत्तर-ऐंशी अजून.

कॅमेरावाला:
नवशिक्यांचा प्रश्न चांगला आहे, टाळू नका. मी एका लहान कॉलेजच्या टीमसाठी तीन वर्षं प्रॅक्टिसचं शूटिंग केलं. लिफ्टवर उभं राहायचं, वारा खायचा, दर स्नॅपला (बॉल मागे देऊन डाव सुरू होतो तेव्हा) रेकॉर्ड आणि स्टॉप. तासाला साडेसात डॉलर आणि एक टी-शर्ट. पण वरून जे दिसतं ते टीव्हीवर दिसत नाही. टीव्ही बॉलच्या मागे पळतो, मला पाय दिसायचे.

माझ्या दुसऱ्या वर्षी ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर, म्हणजे त्या बाजूचा मुख्य कोच, बदलला. आधी "पॉवर" खेळायचे: एका बाजूच्या गार्डने (पुढच्या पाच लाइनमनपैकी एक) मागे सरून पलीकडे धावत जायचं आणि समोर येईल त्याला उडवायचं. नवीन साहेबांची पद्धत "झोन". पाचही लाइनमननी एकाच दिशेने एकदम पहिलं पाऊल टाकायचं, ते पाऊल जेमतेम वीतभर, आणि मग आपल्या वाट्याच्या जागेत जो येईल तो आपला. कागदावर हे शिकायला वीस मिनिटं लागतात. पोरांनी ऑगस्टपर्यंत पाठ केलं, प्रॅक्टिसमध्ये झकास चालायचं.

मग मॅच. पहिले दोन क्वार्टर ठीक. तिसऱ्यात दमले. डावा गार्ड, अंगाने माझ्या दुप्पट, स्नॅप झाल्यावर मागे सरला. जुनं पाऊल. शेजारचा सेंटर नवीन पाऊल टाकत डावीकडे येत होता. दोघांचे पाय एकमेकांत अडकले, दोघे आडवे, आणि मागून येणारा रनिंग बॅक त्यांच्यावर पडला. समोरच्या टीमच्या कोणी हातसुद्धा लावला नव्हता! सोमवारी फिल्म बघताना कोचने ती क्लिप पाच वेळा फिरवली. गार्ड म्हणाला, "मला झोन आहे हे माहीत होतं, पायाला माहीत नव्हतं."

म्हणून "पटकन शिकतात" आणि "वेळ लागतो" हे दोन्ही खरं आहे, फक्त जागा वेगळ्या. रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) नवी धाव दोन दिवसांत येते. लाइनला वर्ष लागतं. डिफेन्सच्या लाइनचंही तेच. दोन गॅप (लाइनमधल्या फटी) सांभाळणाऱ्याला आधी समोरच्याच्या छातीवर हात रोवून थांबायचं असतं, बॉल कुठे जातो ते बघायचं असतं. एक गॅपवाल्याने थांबायचंच नाही, घुसायचं. तीन वर्षं थांबायला शिकवलेल्याला "घूस" म्हटलं तरी तो क्षणभर थांबतोच. तेवढ्यात बॉल गेलेला असतो.

आणि शब्दांचा घोळ. नवा कोऑर्डिनेटर आला की सगळ्या प्लेंची नावं बदलतात. कोकणात शिराळं, घाटावर दोडका, भाजी तीच. एका मॅचमध्ये आमच्या सेफ्टीने (सगळ्यात मागचा बचावपटू) जुनं नाव ओरडलं, कॉर्नरला (कडेच्या बचावपटूला) ते नवीन यादीतलं दुसरंच काहीतरी वाटलं. समोरचा रिसीव्हर टचडाउनला चालत गेला. अक्षरशः चालत.

अटलांटावाली:
पायाला माहीत नव्हतं! हे मला पटलं. पण मग जॉन्सनना पहिल्याच वर्षी कसं जमलं? लाइनसाठी तर ट्रिपल ऑप्शन पूर्ण वेगळी.

कॅमेरावाला:
ताई, माझा अंदाज सांगतो. एक म्हणजे त्यात प्ले मोजके. तेच चार-पाच दिवसभर घोटायचे. दुसरं, तिथे समोरच्या डिफेन्समधल्या एका गड्याला मुद्दाम मोकळा सोडतात, क्वार्टरबॅक त्याला "वाचतो". म्हणजे लाइनवर तेवढं काम कमी. तिसरं, समोरच्या टीमला असल्या खेळाची तयारी करायला एकच आठवडा मिळतो. आठवड्याला सराव, मीटिंग, फिल्म सगळं धरून २० तासांची मर्यादा, त्यात पोरांची कॉलेजंही. तुम्ही वर्षभर शिकता ते त्यांना चार दिवसांत अडवायचं असतं.

अण्णा आर्बरकर:
आणि ताई, जाताना काय झालं तेही सांगा की. २०१९.

अटलांटावाली:
अण्णा, तो विषय नको.

अण्णा आर्बरकर:
मग मीच सांगतो. जॉन्सन निवृत्त झाले, नव्या कोचने ऑप्शन काढून टाकली. ऑप्शनसाठी घडवलेली लाइन आता पास वाचवायला उभी. ३-९. त्यात द सिटाडेलकडून, म्हणजे एक पायरी खालच्या डिव्हिजनच्या टीमकडून, घरी ओव्हरटाइममध्ये २७-२४ हार. आणि सिटाडेल काय खेळत होती? ट्रिपल ऑप्शन.

अटलांटावाली:
मी स्टेडियममध्ये होते. सप्टेंबरचं अटलांटाचं ऊन, आणि समोर आमचाच जुना खेळ परक्या जर्सीत. पुरे.

ब्लूमिंग्टनकर:
मंडळी, तुम्ही जुन्या जमान्यात भांडताय. ट्रान्सफर पोर्टलने (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) हा प्रश्नच मोडीत काढला. २०२१ पासून पोराला एकदा कॉलेज बदलून लगेच खेळता येऊ लागलं. आमच्या इंडियानाकडे बघा. २०२३ ला ३-९. कर्ट सिग्नेटी आले, जेम्स मॅडिसनहून येताना १३ खेळाडू घेऊन आले, दोन्ही कोऑर्डिनेटरही तिथलेच. पहिल्या वर्षी ११-२. दुसऱ्या वर्षी १६-० आणि राष्ट्रीय विजेतेपद. इंडियाना! जिथे फुटबॉलचा सीझन म्हणजे बास्केटबॉल सुरू होईपर्यंतचा टाइमपास होता.

अण्णा आर्बरकर:
अभिनंदन, मनापासून. पण ते शिकले कुठे? शिकलेलेच आणले. बिऱ्हाड हललं तेव्हा भांड्यांसकट हललं. यावरून टीम किती लवकर शिकते हे कसं कळणार?

ब्लूमिंग्टनकर:
सगळे नाही हो. २०२४ चा क्वार्टरबॅक कर्टिस रोर्क ओहायो युनिव्हर्सिटीचा, सिग्नेटींच्या हाताखाली आधी कधीच नव्हता. सेंटर माइक कॅटिक आणि लेफ्ट टॅकल कार्टर स्मिथ आमचे जुने, ३-९ वाल्या टीममधले. कॅमेरावाल्यांच्या हिशेबाने लाइनला वर्ष लागायला हवं होतं.

कॅमेरावाला:
हे मात्र मला अडतं. माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणेन, की शेजारी उभ्या असलेल्या दोघा-तिघांना आधीच येत असेल तर बाकीचे फार लवकर शिकतात. आमच्याकडे मैदानावर कोणालाच येत नव्हतं, येत होतं ते फक्त शिट्टीवाल्याला.

पिवळा झेंडा:
आता माझा शेवटचा बाण, आणि तो अण्णांच्याच भात्यातला. मिशिगनचा डिफेन्स. २०१० ला ३-३-५ (पुढे तीन, मध्ये तीन, मागे पाच) खेळायचे, मॅचमागे ३५.२ पॉइंट खायचे. २०११ ला ब्रेडी होक आले, ग्रेग मॅटिसन डिफेन्सला. ४-३ आणली. पोरं बहुतेक तीच. १७.४! निम्मे. ११-२ आणि शुगर बाउल. दोन सीझन? एका उन्हाळ्यात.

अण्णा आर्बरकर:
हा बाण येणार हे माहीत होतं. त्यातली मोठी पोरं ४-३ साठीच घेतलेली होती, मध्ये त्यांना परक्या घरी पाठवलं होतं, होकनी परत आणलं. माहेरी आलेल्याला स्वयंपाकघरातले डबे शोधावे लागत नाहीत. शिवाय त्या वर्षी हातून सुटलेले बॉल आम्हाला जरा जास्तच मिळाले.

पिवळा झेंडा:
म्हणजे लवकर जमलं तर नशीब आणि माहेर, नाही जमलं तर वेळ कमी. छान आहे. तुमचा नियम कधी चुकतच नाही.

अण्णा आर्बरकर:
बरं, थोडं मागे येतो. दोन सीझन सगळ्यांना नाही. कोच काय सोडायला सांगतो त्यावर आहे. नवं शिकणं सोपं, जुनं पाऊल विसरणं कठीण. तिसऱ्या सप्टेंबरलाही तेच रडगाणं असेल तर मात्र "हाकला" म्हणायला सगळ्यात पुढे मी.

पिवळा झेंडा:
खरं सांगा अण्णा, २००९ च्या सीझनमध्ये, म्हणजे दुसऱ्याच वर्षी, ५-७ झाल्यावर तुम्ही काय म्हणत होतात?

अण्णा आर्बरकर:
हाकला म्हणत होतो. विद्यार्थी होतो, तिकिटाचे पैसे स्वतःचे होते.