अनुभव धागा: सापळा, पंच आणि टोपी

पांदणरस्ता:
भाची अमरावतीला अभ्यासिकेत बसते. काल फोनवर म्हणे, "मामा, मले एसीबीचं प्रमुख व्हायचं हाय." आयपीएस, मग एसपी, मग आयुक्त, मग लाचलुचपत विभागाचा महासंचालक, असा पूर्ण जिना तिनं एका दमात चढून दाखवला. उदाहरण प्रवीण दीक्षितांचं. नागपूरचे पोलीस आयुक्त होते, पुढं एसीबीत आले, तिथून २०१५ साली थेट राज्याचे पोलीस महासंचालक. मी हो-हो म्हणत होतो, पण डोळ्यापुढं आमचे बाबा.

बाबा कृषी सहायक होते. सोयाबीन काढणीचे दिवस, साल २०१४. लाच घेताना पकडायच्या सापळ्याले दुसऱ्या खात्याचे दोन सरकारी नोकर पंच, म्हणजे साक्षीदार म्हणून लागतात, त्यात बाबांचं नाव निघालं. कुठं जायचं, कोणाले धरायचं, काही सांगितलं नव्हतं. आईनं डबा दिला, तो तसाच परत आला.

तक्रारदार म्हातारा शेतकरी, वारसाच्या फेरफारासाठी तीन हजार मागितलेले. इशारा ठरला: पैसे घेतले की टोपी काढायची. आता गंमत अशी, का म्हाताऱ्याची टोपी त्या दिवशी धुण्यात, तो दुपट्टा बांधून आलता. पैसे गेले तिकडच्या खिशात आन् हा आपला डोकं चाचपडून राह्यला. शेवटी बाजूले उभ्या बाबांनीच सोताची टोपी काढली. धाड पडली.

सात वर्षांनी कोर्टात उलटतपासणी. तोवर बाबा रिटायर. वकील म्हणे, इशारा तक्रारदारानं द्यायचा होता, मग टोपी तुम्ही काऊन काढली? बाबा म्हणे, "गरम होऊन राह्यलं होतं साहेब." आम्ही घरी कपाळाले हात लावला.

तुमच्याकडचं सांगा.

वऱ्हाडी_ठेचा:
😂😂 गरम होऊन राह्यलं होतं! बाबांले नमस्कार सांगा.

चुलीवरची_भाकर:
आमच्या चुलत सासऱ्यांनी धरून दिला होता एकाला, विहिरीच्या अनुदानात. सापळ्याच्या नोटांवर पावडर होती, ती घेणाऱ्याच्या हाताला लागली आणि हात बुडवले की पाणी गुलाबी झालं. सासरे अजून दर लग्नात सांगतात ते गुलाबी पाणी. रंग दर वर्षी गडद होत चाललाय.

पांदणरस्ता:
ताई, बाबांच्या वेळी गुलाबी नव्हतं. अँथ्रासीन पावडर होती. खोलीत अंधार करून अतिनील दिव्याखाली हात धरला की निळसर चमकते. बाबांच्या बोटालेही जरासं लागलं होतं का काय म्हणून ते घरी येऊन तीनदा हात धुतले.

झाडीपट्टीकर:
आमच्या इकडे साहेब पैशाला हातच लावत नव्हते जी. समोरच्या टपरीवर द्यायचे. "कात जास्त टाक" म्हटलं की टपरीवाल्याला समजे. पकडल्या गेला तो टपरीवाला, पेपरात "खासगी इसम" म्हणून आला. साहेबही अडकले नंतर, पण आधी पान बंद झालं गावाचं.

सातबाराबहाद्दर:
दीक्षित साहेबांच्या काळात पकडलेल्यांचे फोटो फेसबुकवर टाकायचे. सापळेही २०१४ या एका वर्षात जवळपास दुप्पट झाले होते. आमच्या तालुक्यातल्या एकाचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर. चूक त्याची होती, मान्य. पण त्याच्या पोरीची सोयरीक मोडली तेव्हा मले काही बरं वाटलं नाही. ती माझ्या वर्गात होती.

चुलीवरची_भाकर:
हो ना. पोरीचा काय दोष.

गावखारी:
एक विचारतो. सापळ्यात दिलेले पैसे कोर्टात जमा होतात म्हणे? आमचे काका त्याच भीतीनं तक्रार करून नाही राह्यले. म्हणे पाच हजार लाच देऊ, का पाच हजार कोर्टाले देऊ, सारखंच.

सातबाराबहाद्दर:
नोटा पुराव्यात जातात, पण तेवढी रक्कम विभाग तक्रारदाराले परत देते. काकांले म्हणा १०६४ लावा, फोन फुकट हाय. आधी पडताळणी करतात, रेकॉर्डर लावून मागणी खरी हाय का ते पाह्यतात, मगच सापळा. आपल्या वऱ्हाडातल्या पाचही जिल्ह्यांचं एसीबीचं परिक्षेत्र अमरावती. आन् पैसे देऊन मोकळे होऊ नका म्हणा. २०१८ पासून देणाराही गुन्हेगार. जबरदस्तीनं द्यावे लागले असतील तर सात दिवसांत कळवायचं, तरच सुटका.

वऱ्हाडी_ठेचा:
सात दिवस?? मी तं मागच्या पोळ्याले देऊन बसलो बाप्पा 😭

झाडीपट्टीकर:
आता मागची तारीख टाकून तक्रार लिहाचे पैसे द्या कोणाले तरी.

वऱ्हाडी_ठेचा:
😂😂😂

नदीकाठ:
आम्ही तक्रार केली, माणूस पकडल्या गेला, कारवाई झाली. त्यानंतर त्या कार्यालयात आमचं प्रत्येक काम नियमानं होते. म्हणजे होतच नाही. "साहेब मोजणीले गेले, साहेब मीटिंगले गेले." दीड वर्ष झालं.

पांदणरस्ता:
हे बाबांनीही भोगलं. पंच झाला म्हणून दुसऱ्या खात्याचेही लोक चहाले बोलवत नव्हते. "याच्यासमोर बोलू नका बे." बाबांनी कोणाविरुद्ध तक्रार केली नव्हती, नुसते चिठ्ठीनं गेले होते.

अभ्यासिका_जंक्शन:
भाचीला सांगा, दीक्षितांनंतर सतीश माथुर, तेही एसीबीतूनच पोलीस महासंचालक झाले. मुलाखतीत विचारू शकतात. आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम १९ पाठ कर म्हणा, खटला चालवायला आधी शासनाची मंजुरी लागते, तिथंच लय फायली झोपतात. आम्ही दोन मार्कांनी गेलो यंदा.

चुलीवरची_भाकर:
पुढच्या वेळी होईल भाऊ. जेवता ना नीट?

अभ्यासिका_जंक्शन:
मेस बंद आहे ताई. पोहे.

गावखारी:
पण त्या टोपीवाल्या केसचं झालं काय?

पांदणरस्ता:
सुटला तो. मागणी शाबीत झाली नाही. अपील पडून हाय. म्हाताऱ्याचा फेरफार मात्र धाड पडली त्याच आठवड्यात झाला. दर दिवाळीले बाबांकडं तुरीची डाळ घेऊन येते तो. टोपी घालूनच येते.

नदीकाठ:
डाळ पाठवा इकडं.

पांदणरस्ता:
पाठवतो. मी निघतो, लाईट आली, मोटार लावायची हाय.