ओढ्यातले मासे मरतात ते फवारणीच्या औषधानं की साखर कारखान्याच्या मळीनं?

डोहकर: पंचगंगेत मासे मेले की सगळे कारखान्याच्या मळीवर घसरतात, ती आहेच म्हणा, पण आमच्या ओढ्याला ना कारखाना ना गटार, तरी वळवाचा पहिला पाऊस झाला की मासे उताणे. दोन्ही काठांना वांगी नाहीतर कोबी, औषध मारून झालं की पंप ओढ्यातच खळखळून घ्यायचा. सायपरमेथ्रीन, म्हणजे आपलं अळीचं औषध, लिटरला काही मायक्रोग्रॅम असलं तरी मासा जातो. काठाचा थोडा पट्टा बिनफवारणीचा ठेवा आणि पंप बांधावर धुवा, एवढंच म्हणणं.

वांगीवाला: झालं, फाडा बिल शेतकऱ्याच्या नावावर! अख्ख्या शहरांचं सांडपाणी नदीत जातं ते दिसत नाही. आणि हे औषध मातीला चिकटून बसतं, उन्हात मोडतं, पाण्यात कुठं टिकतंय? आमच्या बाटलीवर जहाल विषाचा लाल त्रिकोण पण नाही.

डोहकर: दादा, तो त्रिकोण ठरतो उंदरांवरच्या चाचणीवरून, म्हणजे माणसाला धोका किती ते कळावं म्हणून. लाल, पिवळा, निळा, हिरवा, कुठलाही असू दे, माशाचा त्यात विचारच नाही. माशाच्या अंगात हे औषध लवकर मोडत नाही आणि कल्ल्यातून तर ते सरळ आत जातं. माती धरून ठेवते हे खरंय, पण पंप ओढ्यात धुतला तर मधे माती येते कुठं?

तळेवाला: भांडण्याआधी मेलेले मासे बघा की. ऑक्सिजन संपला असेल तर पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात आणि सहसा मोठे आधी जातात. औषध असेल तर बारके आधी, तडफडत गिरक्या घेतात, बरोबर झिंगे-खेकडे पण मरतात. आणि एक कुणी बोलत नाही, काही महाभाग मासे धरायलाच डोहात औषध ओततात, त्याचं खापर पण फवारणीवर फुटतं.

डोहकर: आमच्याकडं खेकडे काठावर येऊन मेले होते.

वांगीवाला: मग बघा आधी कुणी ओतलं ते. पंप बांधावर धुवायचं ठीक आहे, त्याला पैसे पडत नाहीत. पट्टा मात्र जमणार नाही, ओढ्याकडंचीच जमीन काळी आणि तिथंच अळी जास्त, तुम्ही वर्षाचा खंड देणार असाल तर उद्या सोडतो.