जावई नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला चाललेत (विस्कॉन्सिन), जाणकारांनी सांगावं

पारोळेकर_आबा
रामराम मंडळी. मुलगी-जावई अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात असतात, जावई कामाच्या व्हिसावर. ऑफिसातले लोक त्यांना पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीला बोलावताहेत. पोरगी फोनवर रडकुंडीला आलेली. आपल्याकडे चितळाला हात लावला तरी माणूस आत जातो. तिकडे परदेशी माणसाने बंदूक धरलेली चालते का? आणि सगळे नोव्हेंबरचंच काय धरून बसलेत? म्हणे दिवसभर झाडावर बसायचं, जेवायलाही उतरायचं नाही.

तापीकाठचा
आबा, मी बरीच वर्षं तिकडेच होतो, आता शिरपूरला केळी बघतो. आधी कायद्याचं. कामाच्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला तिथल्या केंद्रीय कायद्याची मनाई आहे, पण शिकारीचा वैध परवाना खिशात असेल तर सूट मिळते. म्हणजे आधी परवाना, मग बंदूक. मित्राची बंदूक नुसती धरून बघतो, असंही नको. जावयांचा जन्म 1973 किंवा त्यानंतरचा असेल तर विस्कॉन्सिनात शिकारीचं प्रशिक्षणही करावं लागतं. ते करूनच घ्या, चांगलं असतं.

नोव्हेंबर का, तर तो माजाचा काळ. दिवस लहान होऊ लागले की नराच्या अंगात फरक पडतो. थंडी कमी-जास्त झाली तरी तारखा फारशा हलत नाहीत. मादी साधारण दोनशे दिवस गाभण असते, म्हणजे पाडसं येतात मे अखेर किंवा जूनमध्ये, हिरवा चारा असताना. नराची मान फुगते, तो शिंगांनी झाडाची साल सोलतो, खुरांनी जमीन उकरून त्यात मुततो. मागच्या पायांच्या ग्रंथींवर मूत सोडून आपल्या बोकडासारखाच घाण वास मारतो. एरवी हा प्राणी इतका बेरकी, की मोठा नर उजेडात दिसणं मुश्कील. माजात मात्र भर दुपारी मादीच्या मागावर फिरतो. म्हणून लोक झाडावरून उतरत नाहीत.

पण एक गंमत. मादी माजावर असते जेमतेम एक दिवस. ती सापडली की नर तिच्याभोवतीच घुटमळतो आणि बाकी जंगल ओस पडतं. बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (तिकडचा सण, नोव्हेंबरातला चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी सुरू होतो, नऊ दिवसांचा. तोवर बऱ्याचदा ऐन भर ओसरू लागलेला असतो. खरी चैन धनुष्यबाणवाल्यांची, त्यांचा हंगाम सप्टेंबरपासूनच चालू.

नराचा आवाज काढायच्या नळ्या, शिंगं आपटायची नाटकं, यावर पैसे घालवू नका म्हणावं. वारा बघा. वास हरणाकडे गेला की खेळ संपला. भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी जाकीट सक्तीचं आहे. हरणाला नारिंगी फिकाच दिसतो, माणसाला लांबून दिसतो. झाडावर पट्टा बांधल्याशिवाय चढायचं नाही. गोळीइतकीच भीती पडण्याची असते.

दादर_हरभरा
आमच्याकडे यावलला रोही आणि रानडुकरं रात्रभर हरभरा तुडवतात. आम्ही डबे वाजवत बसतो आणि तिकडे लोक परवाना काढून मारतात! आम्हालाही असं काही मिळायला हवं.

तापीकाठचा
दादा, राग पटतो. पण तिकडेही एकेकाळी हरणं मारून मारून संपत आली होती. बंदूक-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राज्यांना द्यायचा कायदा 1937 चा. परवान्याचं शुल्क त्यात भर. आपल्याकडे तसा पैसा आणि तशी मोजणी उभी राहिल्याशिवाय नुसती परवानगी मिळाली, तर सातपुड्यात चार वर्षांत काही उरणार नाही. माझं मत, भांडू नका.

आबा, ताईंना मात्र एक नक्की सांगा: नोव्हेंबरात संध्याकाळी गाडी हळू. हरणं सगळ्यात जास्त याच दिवसांत गाडीखाली येतात. मादी रस्ता ओलांडून गेली म्हणजे झालं असं समजू नये, मागून नर डोळे मिटून येतो. समोर आलाच तर ब्रेक दाबायचा, स्टिअरिंग फिरवायचं नाही.

पारोळेकर_आबा
भाऊ, फार उपकार. परवान्याचं जावयांना कळवलं, त्यांना ठाऊकच नव्हतं. आता पोरीचा नवा प्रश्न. आम्ही माळकरी. मटण घरात आणलं तर फ्रीजमध्ये ठेवू देणार नाही म्हणते. विकून टाकता येईल का?

तापीकाठचा
विकायला बंदी आहे, रानातलं मटण विकता येत नाही. गरिबांच्या अन्नकेंद्राला देता येतं, तशी सोय आहे. आणि 2002 पासून विस्कॉन्सिनात हरणांना मेंदू सडवणारा एक रोग सापडतो. माणसाला झाल्याचं सिद्ध नाही, तरी रोगी हरणाचं मटण खाऊ नका असंच सरकार सांगतं. तपासणी फुकट असते, डोकं नेऊन द्यायचं. निकाल येईपर्यंत मटण ठेवावंच लागतं, तेव्हा गॅरेजमध्ये वेगळा फ्रीझर घ्या म्हणावं. बरेच शिकारी तेच करतात, माळकरी नसले तरी.