हँगओव्हरच्या पुड्या विकतात ‘फूड’ म्हणून, मग जाहिरात औषधासारखी कशी काय चालते?

रामबागवाला

मंडळी, कायद्यातलं किंवा मेडिकल लाईनमधलं कोणी असेल तर जरा सांगा. नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो, इंदूरच्या बायपासकडच्या रिसॉर्टवर, आणि खोलीत पाहुण्यांसाठी जी पिशवी ठेवली होती तिच्यात लौंगची सेव, जिरावणाची (पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याची) डबी आणि सोबत दोन चकचकीत पुड्या. वर मोठ्या अक्षरात की पहिल्या पेगच्या आधी एक घ्या, झोपताना एक घ्या, सकाळी हँगओव्हर गायब, लिव्हर सेफ. उलटून बघितलं तर बारीक अक्षरात ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नंबर. म्हणजे पुढून औषध आणि मागून खाऊ.

पुतण्या बावीसचा आहे, तो म्हणे काका हे सगळेच घेतात, रील्सवर रोज येतं. आणि त्याचा एक मित्र तर छातीठोक सांगत होता की हे घेतलं की पोलिसांच्या मशीनमध्ये पण आकडा कमी येतो!! ते ऐकलं आणि मग मात्र राहवलं नाही म्हणून इथे लिहितोय.

मी स्वतः काही सोवळ्यातला नाही, मित्रांबरोबर बसतो कधीमधी, तेव्हा दारू किती वाईट ह्यावर लेक्चर नको प्लीज. विचारायचं एवढंच की दारूची जाहिरात टीव्हीवर करता येत नाही, औषधांच्या जाहिरातीवर बंधनं आहेत, मग ह्या दोन्हींच्या मधल्या बोळातून निघून जाणाऱ्या पुडीला कोणी अडवतं की नाही? तक्रार करायची तर कुठे? की एवढं मनावर घ्यायची गरजच नाही असं वाटतं तुम्हाला?

दवाबाजारवाले_काका

मी दवा बाजारातच आहे, होलसेल, त्यामुळे ह्या पुड्या माझ्या हातातून जातात, लपवून काय उपयोग. ३१ डिसेंबर, लग्नसराई आणि रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), हे तीन सीझन. गेरच्या आदल्या दिवशी मेडिकलवाले स्वतः फोन करून मागवतात.

आता आतली गोष्ट ऐका. पुडीत काय असतं, तर मीठ-साखर म्हणजे इलेक्ट्रोलाइट, बी ग्रुपची व्हिटॅमिन्स, कशात सिलिमरिन असतं (मिल्क थिसलचं), आणि आता नवीन फॅशन म्हणजे डीएचएम, हे एका झाडाचं अर्क आहे, चीन-कोरियाकडून आलेलं. ह्यातलं बरंचसं न्यूट्रास्युटिकल (पोषणासाठीचा पूरक पदार्थ) म्हणून फूड लायसन्सवर बसतं. औषध म्हणून नोंदवायचं तर ड्रग लायसन्स, ट्रायल, सगळं लचांड, ते कोण करणार! दुसरा रस्ता आयुर्वेदिकचा, त्याचं लायसन्स वेगळं, राज्याकडून मिळतं, १९४०च्या ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स कायद्याखाली. एकाच प्रकारचा माल कोणी फूड म्हणून विकतो, कोणी आयुर्वेदिक म्हणून, आणि काउंटरवर दोन्ही पुड्या शेजारीशेजारी लटकलेल्या असतात.

लोकांचा गैरसमज कुठे होतो सांगतो. एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर बघितला की वाटतं सरकारने तपासून पास केलंय. तो नंबर म्हणजे बनवणाऱ्याकडे खाद्यपदार्थ बनवायचं लायसन्स आहे एवढंच. पुडीने हँगओव्हर जातो की नाही हे त्या नंबरवरून कोणालाच कळत नाही. पण गिऱ्हाईकाला हे समजावत बसायला वेळ कोणाकडे आहे, आणि खरं सांगायचं तर दुकानदाराला समजवायची इच्छा पण नसते, मार्जिन चांगलं आहे.

कोर्टकचेरी

काकांनी सुरुवात चांगली करून दिली. कायदा अगदीच झोपलेला नाहीये, पण त्याला फटी आहेत.

फूड सेफ्टी कायदा २००६ चा. त्याचं कलम २२ म्हणतं की न्यूट्रास्युटिकल वगैरे पदार्थांनी कुठलाही विशिष्ट आजार, विकार किंवा ‘कंडिशन’ बरी करतो किंवा कमी करतो असा दावा करायचा नाही, पण लगेच पुढे कंसात लिहिलंय की रेग्युलेशनने परवानगी दिलेले हेल्थ बेनिफिटचे दावे सोडून. सगळा धंदा त्या कंसात चालतो. म्हणून हुशार कंपन्या ‘हँगओव्हर बरा करतो’ असं पुडीवर लिहितच नाहीत, ‘मॉर्निंग फ्रेश’, ‘पार्टी रिकव्हरी’, ‘लिव्हर सपोर्ट’ असलं काहीतरी गुळमुळीत लिहितात आणि जे स्पष्ट बोलायचं ते रीलवाल्या पोराकडून बोलवून घेतात. तुमच्या पुडीवर ‘हँगओव्हर गायब’ छापलंय म्हणजे बनवणारा नवशिका असणार किंवा फार धीट.

२०१८ च्या अ‍ॅडव्हर्टायझिंग अँड क्लेम्स रेग्युलेशन्स पण आहेत, आजार टाळण्याचा-बरा करण्याचा दावा खास परवानगीशिवाय चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कलम ५३ खाली १० लाखांपर्यंत दंड.

१९५४ चा मॅजिक रेमेडीज कायदा सगळ्यांना आठवतो, पण त्याच्या शेड्यूलमध्ये ५४ आजार आहेत, मधुमेह, कॅन्सर, उंची वाढवणं सुद्धा आहे, हँगओव्हर नाही. त्यामुळे त्या बाजूने फार काही हाताला लागत नाही.

खरा उपयोगी आहे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. त्यात सेंट्रल अथॉरिटी आहे, सीसीपीए, ती बनवणाऱ्यालाच नाही तर जाहिरात करणाऱ्या चेहऱ्याला पण १० लाखांपर्यंत दंड लावू शकते, पुन्हा केलं तर ५० लाख, आणि त्या चेहऱ्यावर जाहिराती करायला एक वर्षाची बंदी, पुढच्या वेळी तीन वर्षं. ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्याबद्दल बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सर्ससाठी वेगळ्या गाइडलाइन्स पण आल्या. तेव्हा रीलवाला ‘मी तर फक्त शेअर केलं’ म्हणून सुटत नाही, निदान कागदावर तरी.

बिनधास्त_विजयनगर

भिया एवढं टेन्शन कशाला 😄 एकवीसच्या वरची मोठी माणसं आहेत, स्वतःच्या पैशाने लिंबूपाण्याची महागडी पुडी घेतात, घेऊ द्या. गोरं करणारी क्रीम विकते, केस उगवणारं तेल विकतं, उंची वाढवणारी पावडर विकते, आणि तुम्हाला हीच पुडी दिसली? मला तर फरक पडतो बुवा, खरंच पडतो. उद्या बंदी आणली तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेबल नसलेली पुडी विकायला लागतील, ती बरी का? ह्याच्यापेक्षा सकाळी छप्पन दुकानला जाऊन पोहे-जलेबी खा, तोही उताराच आहे, त्याच्यावर पण रेग्युलेशन आणा मग.

लोकमान्यनगरची_मावशी

मी डॉक्टर आहे, आता प्रॅक्टिस सोडली, पण इमर्जन्सीत बऱ्याच रात्री काढल्या आहेत. बिनधास्त बेटा, फरक पडतो म्हणतोस ना, तर पाणी आणि मीठ-साखर पोटात गेल्यावर थोडं बरं वाटणारच, त्यात खोटं काही नाही. दारूमुळे लघवी जास्त होते, पाणी कमी पडतं, ते भरून निघतं. पण हँगओव्हर म्हणजे नुसतं पाणी कमी पडणं नव्हे. अल्कोहोलचं लिव्हरमध्ये आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, मग अ‍ॅसिटेट, शिवाय अंगात सूज आल्यासारखी प्रतिक्रिया होते, झोप मोडतुटक होते, पोटाचं अस्तर चिडतं. आणि गंमत बघा, त्रास शिखरावर असतो तेव्हा रक्तातली दारू जवळजवळ शून्यावर आलेली असते. तेव्हा पुडीने नक्की कशावर काम केलं हे त्या पुडीवाल्याला विचार.

अभ्यास झालेच नाहीत असंही नाही. २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आढावा आला, कुठल्याच उपायाचा ठोस पुरावा नाही म्हणाले. मग २०२२ मध्ये ‘अ‍ॅडिक्शन’ नावाच्या जर्नलमध्ये पुन्हा आला, २१ ट्रायल्स, सगळ्या मिळून माणसं फक्त ३८६, लवंगेचा अर्क, कोरियन नासपतीचा रस, जिनसेंग असं काय काय तपासलेलं. काहींमध्ये थोडा फायदा दिसला, पण पुरावा अगदी हलक्या दर्जाचा, आणि दोन ट्रायल्समध्ये एकच औषध आहे असं एकदाही नाही. म्हणजे एकाचा निकाल दुसऱ्याने तपासून बघितलाच नाही. एवढ्यावर ‘क्लिनिकली प्रूव्हन’ छापतात, काय बोलायचं!

पण माझा राग त्यावर नाही. पैसे वाया गेले तर जाऊ देत, तुझंच म्हणणं धरू. मला खटकतं ते ‘पहिल्या पेगच्या आधी घ्या’. आधी घ्या म्हटलं की माणसाच्या डोक्यात काय येतं? आज बंदोबस्त झालाय, दोन जास्त चालतील. आणि रामबागवाल्यांनी ती मशीनची गोष्ट लिहिली ती मी पण ऐकली आहे, एकदा नाही. नीट ऐका, रक्तातली दारू लिव्हर आपल्या गतीने काढतं, ढोबळमानाने तासाला एक छोटा पेग, कुठलीही पुडी तो वेग वाढवून देत नाही. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. पुडी घेऊन फ्रेश वाटणारा पोरगा स्टिअरिंगवर बसला की तो न घेतलेल्यापेक्षा जास्त धोक्याचा, कारण त्याला वाटतं आपण ठीक आहोत. ‘लिव्हर सेफ’ हे तर मला गुन्हाच वाटतो. रोज पिणारा तेवढं वाचतो आणि निश्चिंत होतो.

आणि हो, डोकं दुखतं म्हणून रात्रीच पॅरासिटामॉल घेऊन झोपणारे पण आहेत, जास्त प्यायल्यावर ते लिव्हरला बरं नाही. अ‍ॅस्पिरिनने पोट अजून बिघडतं. पाणी पी, काहीतरी खा, झोप काढ.

बिनधास्त_विजयनगर

मावशी गाडीचा मुद्दा मान्य, तिथे काही बोलत नाही. पण मग तेवढंच पकडा ना, ‘घेतल्यावर गाडी चालवता येत नाही’ असं मोठ्या अक्षरात छापायला लावा, बाकी विकू द्या. सगळ्या पुडीवर का उठलात.

कोर्टकचेरी

बाहेर काय केलंय बघा, म्हणजे तुमच्या प्रश्नाला दोन-तीन उत्तरं आहेत हे कळेल. जर्मनीत सप्टेंबर २०१९ मध्ये फ्रँकफर्टच्या वरच्या कोर्टाने सरळ सांगितलं की हँगओव्हर हा आजार आहे, आणि युरोपात खाद्यपदार्थाने आजार बरा करतो म्हणायला मनाई आहे, तेव्हा ती पावडर आणि शॉट विकणाऱ्याने तसा दावा करायचा नाही. निकाल आला तोही म्युनिकचा बिअरचा जत्रोत्सव सुरू असताना 😄 अमेरिकेत एफडीएने (तिथलं अन्न-औषध खातं) जुलै २०२० मध्ये सात कंपन्यांना वॉर्निंग लेटर पाठवलं, हँगओव्हर बरा करतो म्हणता म्हणजे तुम्ही मंजुरी नसलेलं औषध विकताय.

कोरियाने उलटं केलं. तिथे हा धंदा प्रचंड आहे, ऑफिसच्या पार्टीनंतर सगळे पितात ते. त्यांनी विकण्यावर बंदी नाही घातली, पण जानेवारी २०२५ पासून नियम आला की ‘हँगओव्हर उतरवतो’ असं लेबलवर म्हणायचं असेल तर माणसांवर केलेल्या चाचणीचा पुरावा हवा. मला स्वतःला हा रस्ता पटतो. बिनधास्तभाऊंची पण अडचण नाही, पुरावा आहे तर छाप, नाही तर लिंबू-मिठाची पुडी म्हणून विक, कोण अडवतंय.

आपल्याकडे होत नाही असं नाही. ओआरएसचं आठवत असेल. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाई कित्येक वर्षं मागे लागल्या होत्या की साखरेचं पाणी ‘ओआरएस’ (जुलाबात देतात ते मीठ-साखरेचं पाणी) नावाने विकतायत, शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने आधीच्या परवानग्या मागे घेतल्या आणि डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात न बसणाऱ्या पेयाच्या नावात ओआरएस शब्द वापरायचा नाही असं सांगितलं. फक्त ते लहान मुलांचं होतं म्हणून लोक पेटले. दारूवाल्यांसाठी कोण पेटणार, हीच गोची आहे. तक्रार करणारा म्हणजे आधी ‘मी पितो’ असं कबूल करणारा, आणि अपने यहाँ सासरे-जावई एका गावात असतात.

दवाबाजारवाले_काका

😂 शेवटचं वाक्य एकदम खरं. पण वकीलसाहेब, कोरियाचा नियम इथे आणला तर मोठी कंपनी ट्रायल करून घेईल, पन्नास माणसं गोळा करून काहीतरी आकडा आणेल आणि अजून जोरात जाहिरात करेल, लहान मॅन्युफॅक्चरर तेवढा मरेल. ट्रायल कशी हवी, किती माणसं हवी, कोणी केलेली हवी हे लिहून घेतल्याशिवाय मला त्यात राम वाटत नाही. मावशींचंच बरोबर, आधी ‘पिण्याआधी घ्या’ आणि ‘लिव्हर सेफ’ हे दोन बंद करा, त्याला कुठली ट्रायल पण लागत नाही.

कोर्टकचेरी

ट्रायलचा दर्जा लिहून द्यावा लागेल हे मान्य. पण लहान मॅन्युफॅक्चरर मरेल म्हणून त्याला खोटं छापू द्यायचं हे काही पटत नाही काका.

रामबागवाला

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. मावशी, तुमचा मेसेज पुतण्याला जसाच्या तसा पाठवला, निळी टिक आली, उत्तर नाही. तक्रार नक्की कुठे टाकू ते सांगा, १९१५ वर फोन करू की एफएसएसएआयच्या अ‍ॅपवर?

दवाबाजारवाले_काका

दोन्हीकडे करा. एफएसएसएआयचं ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अ‍ॅप आहे, लेबलवरच्या दाव्याची तक्रार त्यात घेतात, रील आणि जाहिरातीसाठी १९१५, कन्झ्युमर हेल्पलाइन. रीलची लिंक आणि स्क्रीनशॉट आजच घेऊन ठेवा, तक्रार गेली की दोन दिवसांत डिलीट मारतात. पुडी फेकली नाही ना? दोन्ही बाजूंचे फोटो काढा, बॅच नंबर आणि लायसन्स नंबर वाचता येतील असे, चकचकीत पन्नीवर फ्लॅश मारलात तर काही दिसत नाही, खिडकीजवळ उजेडात धरा.