लांबचा पल्ला, कच्चा रस्ता आणि शंभर सीसीची गाडी

जांभा
लांबच्या भटकंतीत कच्चा रस्ता लागणार असेल तर आधी अडीच-तीन लाखांची अ‍ॅडव्हेंचर गाडी घ्यायची आणि मगच घर सोडायचं, असं आता सर्रास ऐकू येतं. स्प्लेंडर, शाइन, प्लॅटिना म्हणे कामावर जायच्या गाड्या. मला हे मुळातच पटत नाही, आणि प्रश्न पैशांचा नाही. जो एकटा निघालाय, ज्याला पोचायची घाई नाही आणि ज्याला डांबर सोडून आत शिरायचंय, त्याने शे-सव्वाशे सीसीची साधी गाडीच न्यावी. पैसे हाताशी असले तरी तीच न्यावी.

पहिलं कारण वजन. स्प्लेंडर 112 किलोंची, रॉयल एनफील्डची नवी हिमालयन 450 आहे 196 किलोंची. डांबरावर हा फरक टोचत नाही, उलट जड गाडी रस्त्याला धरून चालते. पण मुरुमाच्या चढावर, वाळूत, पाणंदीतल्या चाकोरीत गाडी कधी ना कधी आडवी होतेच. कसलेल्या माणसाचीही होते. राजापूर तालुक्यात सड्यावरून वाडीत उतरणाऱ्या एका वाटेवर माझी झाली होती. पाऊस नुकताच थांबलेला, जांभ्यावर शेवाळ, वर सुटे गोटे, टेकलेला पायही ठरत नव्हता. हँडल पूर्ण वळवलं, गाडीकडे पाठ करून खाली बसलो, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागचं कॅरिअर धरून पायांच्या जोरावर उठलो. बॅगासुद्धा सोडाव्या लागल्या नाहीत. 196 किलोंची गाडी तिथे चार माणसं येईपर्यंत पडून राहिली असती, आणि त्या वाटेला संध्याकाळपर्यंत कुणी फिरकलं नसतं.

दुसरं, पेट्रोल. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपावर 'पुढचा पंप 365 किमी' अशी पाटी आहे. स्प्लेंडरची टाकी 9.8 लिटरची. चढ, थंडी आणि विरळ हवा धरून लिटरला 50 किमी जरी पडले तरी लेह गाठून वर उरतं. कॅन बांधायचा नाही, त्याचा वास नाही, गळती नाही.

तिसरं म्हणजे ही गाडी कुठल्या रस्त्याने जायचं ते ठरवते, आणि चांगलं ठरवते. मुंबईहून गोव्याला 66 नंबरच्या हायवेने कशाला जायचं? आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड असं खाड्या ओलांडत किनाऱ्याने जावं. जेटीच्या उतारावर बोटीचा लोखंडी पत्रा ओला असतो, त्यावर हलकी गाडी पाय टेकत सहज चढते आणि बोटीतला पोऱ्याही एका हाताने ती बाजूला सरकवतो. दर वीस किलोमीटरवर एखादी कच्ची वाट समुद्राकडे उतरते. जड गाडीवरचा माणूस तिच्याकडे बघतो आणि पुढे जातो.

तुमचं मत वेगळं असेल तर कारणासकट लिहा.

दूरगामी
लिहितोच. तुमचं सगळं गणित हायवे लागणारच नाही असं धरून केलेलं आहे. किनाऱ्याने गोवा ठीक आहे. पुण्याहून बंगळुरू, नागपूर, जयपूर करायचं तर चारपदरी रस्ता टळत नाही. तिथे ट्रक ऐंशीने धावतात. आठ हॉर्सपॉवरची लादलेली गाडी साठ-पासष्टला सुखात असते, त्यापुढे इंजिन किंचाळतं. म्हणजे दिवसभर मागून येणारा प्रत्येक ट्रक तुम्हाला ओलांडणार, त्याच्या हवेचा झोत प्रत्येक वेळी तुम्हाला कडेला ढकलणार आणि ओव्हरटेक करून सुटायची ताकद तुमच्याकडे नसणार. याला मी संथ प्रवास म्हणत नाही, हा धोका आहे.

ब्रेकचंही बघा. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारा ब्रेक, सक्तीचं झालं, त्याखालच्यांना सीबीएसवर भागवलं गेलं. सीबीएस म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. डांबरावर उत्तम. पण खडीच्या उतारावर अनुभवी माणूस मागचा ब्रेक जपून वापरतो आणि पुढचा वेगळा, अगदी हलक्या हाताने लावतो. इथे ती मुभाच नाही, पायाने मागचा दाबलात की पुढचं चाकही धरतं. तुम्ही ज्या कच्च्या रस्त्यासाठी ही गाडी सुचवताय, त्याच रस्त्यावर ही अडचण आहे.

लडाखला हलक्या गाड्या जातात, मान्य. मनाली-लेह रस्त्यावरची तांगलांग ला खिंड 5,328 मीटरवर आहे. हवेचा दाब तिथे समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. आठातले चार हॉर्सपॉवर उरतात, त्यात माणूस आणि सामान. पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच दाबून चढणारी आणि क्लच प्लेटचा जळका वास सोडणारी गाडी मी त्या रस्त्यावर पाहिली आहे. आणि टाकीचं म्हणाल तर हिमालयन 450 ला 17 लिटरची आहे. तीही कॅनशिवाय लेहला पोचते.

जांभा
दूरगामी, ट्रकच्या झोताचा मुद्दा खरा आहे, तो मी बाजूला सारत नाही. म्हणूनच अशी गाडी घेऊन दिवसाला पाचशे किमी मारायला जाऊ नये. अडीचशे-तीनशे, पहाटे निघून दुपारी चारला मुक्काम. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि समृद्धीवर दुचाकीला मुळात बंदीच आहे, मग तुमची चाळीस हॉर्सपॉवरची गाडीही माझ्याबरोबर जुन्या रस्त्यानेच येणार. आणि जुन्या राज्यरस्त्यांवर गावं, गतिरोधक, बैलगाड्या, उसाचे ट्रॅक्टर असताना सरासरी ती किती काढते? माझ्यापेक्षा फार नाही.

सीबीएसबद्दल. खडीच्या उतारावर ब्रेकवर गाडी सोडायचीच नसते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाने धरायची, ब्रेकला नुसता स्पर्श. 112 किलोंची गाडी इंजिन सहज धरतं. काही जण सीबीएसची केबल सैल करून घेतात, ते मात्र कुणी करू नये. उतार संपल्यावर हायवे लागतो आणि तिथे ती हवी असते. ड्रम ब्रेकबद्दल मीच सांगतो, कारण ते तुम्ही लिहिलं नाही. ओढा ओलांडला की ड्रममध्ये पाणी जातं आणि पुढची शे-दोनशे मीटर ब्रेक जवळपास लागत नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर हलका ब्रेक धरून गाडी चालवत तो वाळवायचा. हे ठाऊक नसलेला माणूस ओढ्यानंतरच्या पहिल्या वळणावरच फसतो.

तांगलांग लाला अर्धा क्लच लागत असेल तर पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, एका दाताने लहान करावं. 14 च्या जागी 13 टाकलं की ओढ साडेसात टक्क्यांनी वाढते, खर्च किरकोळ. डबलसीट मात्र जाऊ नये. तिथे मी तुमच्या बाजूचा.

परभणीकर
मी गॅरेजवाला आहे. आमच्याकडं नव्वद टक्के गाड्या शंभर-सव्वाशेच्याच, आणि त्या कच्च्या रस्त्यावरच जन्म काढतात. दुधाचे दोन कॅन, वैरणीचा भारा, युरियाची गोणी, सगळं त्यावरच. तेव्हा गाडी टिकते का हा प्रश्नच नाही.

पण एक गोष्ट दोघांनीही लिहिली नाही, ती म्हणजे मडगार्ड. कोकणातला जांभा धुऊन जातो, आमची काळी माती धुऊन जात नाही. जूनच्या पहिल्या पावसानंतर शिवारातल्या रस्त्यावर शंभर मीटर गाडी घाला. चिखल टायर आणि पुढच्या मडगार्डच्या मधे ठासून बसतो, चाक फिरायचं थांबतं. मागचं चाक जागेवर गरगरतं आणि पुढचं नुसतं घसरत चालतं. मग बाभळीची काडी घेऊन उकरत बसा, दहा पावलं जा, पुन्हा उकरा. डर्ट बाइकचं मडगार्ड वर टायरपासून वीतभर लांब असतं ते याचसाठी. आमचे शेतकरी पावसाळ्यात पुढचं मडगार्ड सरळ काढून ठेवतात. तोंडावर चिखल उडतो, पण घरी पोचता येतं.

उलट बाजूने एक गोष्ट. स्प्लेंडरची चेन पूर्ण बंद पेटीत असते. फुफाट्याच्या रस्त्यावर उघड्या चेनला दर दोन दिवसांनी तेल घालावं लागतं, हिला तसं नाही. महागड्या गाड्यांना हे का देत नाहीत ते मला कळलेलं नाही.

गोदाकाठ
उंचीबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. मी पाच फूट एक इंच. स्प्लेंडरची सीट 785 मिलिमीटर, हिमालयन 450 ची 825, आधीच्या पिढीतल्या केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचरची 855. हे आकडे कागदावर जवळजवळचे दिसतात. खडबडीत जागी, जिथे एका बाजूला रस्ता चार बोटं खाली गेलाय, तिथे पाय पोचला नाही की गाडी गेलीच. माझे दोन्ही तळवे जमिनीला लागतात म्हणून मी त्र्यंबकच्या मागच्या पाड्यांच्या वाटांवर एकटी जाऊ शकते. मैत्रिणीकडे मोठी गाडी आहे, ती चालवते माझ्यापेक्षा सरस, पण अनोळखी उताराला थांबते आणि परत फिरते.

या देशातल्या बायकांची सरासरी उंची माझ्या आसपास आहे. त्यांना तुम्ही 'आधी योग्य गाडी घ्या' म्हणता तेव्हा प्रत्यक्षात 'तुम्ही येऊ नका' असंच म्हणता.

रानवाट
गोदाकाठ यांचा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटला. तरीही मी दूरगामींच्या बाजूने आहे, कारण वेगळं.

जांभा, 'कुठल्याही गावात दुरुस्त होते' हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुमच्या मताच्या मुळाशी तेच आहे. एप्रिल 2020 ला बीएस-6, म्हणजे प्रदूषणाचे कडक नियम, आले आणि कार्ब्युरेटर जवळपास गेला. आता बहुतेक शंभर सीसींनाही इंजेक्शन आहे. उंचावर याचा फायदा होतो, हवा विरळ झाली की पेट्रोल आपोआप कमी सोडलं जातं, पूर्वीसारखा प्लग काळा पडत नाही. पण सेन्सर गेला किंवा टाकीतल्या इंधन पंपात कचरा अडकला तर वाडीतला मेकॅनिक काय करणार? त्याच्याकडे पाने आहेत, स्कॅनर नाही. पूर्वी रॉकेलात धुऊन फुंकर मारली की कार्ब्युरेटर चालू व्हायचा, ते दिवस संपले.

आणि सस्पेन्शन. रोजच्या गाडीचे मागचे दोन शॉकअप खड्डा सोसतात, सलग तीस किमी नालीदार कच्चा रस्ता सोसत नाहीत. तेल गरम होतं, दाब जातो, मग प्रत्येक दणका तुमच्या मणक्याला आणि कॅरिअरच्या वेल्डिंगला. मी म्हणतो मधला रस्ता घ्या. हीरोची एक्सपल्स 200 जेमतेम 160 किलोंची, पुढे 21 इंची चाक, जमिनीपासून 220 मिलिमीटर उंच, पुढच्या सस्पेन्शनला 190 मिलिमीटरचा खेळ. स्प्लेंडरची उंची 165 आहे. दगडाने इंजिनाचा तळ फुटतो की वाचतो, तो फरक या पाच सेंटिमीटरांत आहे.

परभणीकर
रानवाट, स्कॅनर आता तालुक्याला आलाय. वाडीत नाही, हे खरं. पण पंपात कचरा जातो तो बाटलीतलं पेट्रोल भरल्यावर. ते टाळा.

मेलबर्नवासी
इकडचं उदाहरण देतो. ऑस्ट्रेलियाच्या टपालखात्याने अनेक वर्षं होंडाची सीटी110 वापरली, लाल रंगाची, क्लचचा लिव्हर नसलेली. सेवेतून काढलेल्या गाड्या लोक विकत घेतात आणि थेट आतल्या लाल मातीच्या वाळवंटी रस्त्यांवर नेतात. ताशी साठ-सत्तर, दिवसभर. इथे अंतरं तुमच्या कल्पनेपलीकडची आहेत, पंप दोन-तीनशे किमीवर. तरीही ती चालते, कारण तुटण्यासारखं तिच्यात फारसं काही नाही. आफ्रिकेत तेच काम आपली बजाज बॉक्सर करते. युगांडा-केनियात कच्च्या रस्त्यावर तीन माणसं घेऊन टॅक्सी म्हणून धावते. एक फरक मात्र दूरगामींच्या बाजूने जातो. इथल्या ओसाड रस्त्यांवर मागून चढणारा ट्रक तासातून एखादा असतो.

दूरगामी
हाच तो मुद्दा. गाडी पोचेल याबद्दल मला कधीच शंका नव्हती. तीच गाडी सोलापूर रोडवर रात्री आठला, समोरून अप्पर लावून येणारी लक्झरी आणि हिचा हेडलाइट, त्या स्थितीची मला काळजी आहे. गोदाकाठ यांना मी 'येऊ नका' म्हणणार नाही, त्यांचं म्हणणं मान्य करतो. पण तिशीतला, धडधाकट, वर्षाला दहा हजार किमी फिरणारा आणि परवडत असूनही तत्त्व म्हणून शंभर सीसी नेणारा जो आहे, त्याला मी आजही अडवेन.

आणि भार. स्प्लेंडरची वाहून न्यायची मर्यादा सुमारे 130 किलो. 80 किलोंचा माणूस, हेल्मेट-जॅकेट-बूट, तंबू, हत्यारं, पाणी, मोजा. एकट्यानेच मर्यादेजवळ जाता.

जांभा
म्हणून तंबू नेऊ नये. महाराष्ट्रात आणि आसपास धर्मशाळा, देवळाची ओवरी, शाळेचा व्हरांडा विचारून मिळतो. जे न्याल त्यातलं जड टाकीजवळ बांधा, हलकं मागे. मागच्या चाकाच्या आसापलीकडे वजन लटकलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वाळूत हँडल भरकटतं. रात्री चालवूच नये, यावर आपलं एकमत आहे.

अडवेन म्हणालात त्यावर माझं मत बदललेलं नाही. परवडणाऱ्यानेही एकदा हलकी नेऊन बघावी.

कृष्णाकाठ
मध्येच विचारतो. दिवाळीनंतर कऱ्हाडहून हंपी, जाताना जमखंडी-बागलकोट-बदामी असं आतल्या रस्त्यांनी. गाडी शाइन 125, चार वर्षं जुनी. निघण्याआधी काय करू?

परभणीकर
ऑइल बदला. या इंजिनात ते लिटरभरच्या आसपासच असतं, थोडं कमी झालं तरी फरक पडतो. रोज सकाळी थंड इंजिन, सपाट जागा, गाडी मधल्या स्टँडवर, पट्टी काढून बघा. चेनसेटचे दात टोकदार झाले असतील तर आत्ताच बदला. नवी क्लच केबल जुनीच्या शेजारून आत्ताच ओढून दोन्ही टोकं टेपने बांधून ठेवा. वाटेत तुटली तर टाकी न काढता दहा मिनिटांत जोडता येते.

दूरगामी
आणि होस्पेटभोवती खनिजाचे ट्रक असतात. तो शेवटचा पट्टा उजेडात संपवा, गाडी कितीही सीसीची असो.