गोष्ट ऐकून झोप उडते, काय करावे?

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. साडेनऊला दिवा मालवला तरी ती अकरापर्यंत कूस बदलत राहते आणि उद्याच्या शुद्धलेखनाची काळजी करते. मी रोज गोष्ट सांगतो, पण राक्षसाचा आवाज काढला की ती अंथरुणात उठून बसते. असे का होत असावे?

उत्तर १ : दोष गोष्टीचा नसून राक्षसाचा आहे. पावसात भिजलेला कावळा चिऊताईचे दार पुन्हा पुन्हा ठोठावतो आणि ती दर वेळी ‘थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालू दे’ अशा थाटाचे काहीतरी सांगते; ऐकणाऱ्याला पुढचे वाक्य आधीच ठाऊक असल्यामुळे उत्कंठा उरत नाही आणि मन निर्धास्त होते. प्रत्येक आवर्तनाला आवाज थोडा खाली आणावा.

उत्तर २ : तिसरीतल्या मुलांना चिऊकाऊ बालिश वाटतात, असा माझा अनुभव आहे. मी एसटीच्या प्रवासाची गोष्ट सांगते : स्वारगेट, कात्रजचा बोगदा, शिरवळला चहा, मग खंबाटकीचा घाट. साताऱ्यापर्यंत मुलगा क्वचितच जागा असतो. शुद्धलेखनाविषयी मात्र दिवा चालू असतानाच बोलून घ्यावे.

उत्तर ३ : अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०१६ मध्ये ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ९ ते १२ तासांची झोप सुचवली आहे. सकाळी सातला उठायचे असेल, तर गोष्ट नऊलाच सुरू करावी, आणि ती मोबाइलवर पाहून वाचू नये.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. आज सातारा गाठून पाहतो. राक्षसाला रविवारी दुपारी बोलावू.